कामांची यादी कुठे ठेवता: कालनिर्णयवर, वहीत की फोनमध्ये?

अबोली_डोंबिवली | १२ जानेवारी, रात्री १०.४०

परवा जेवताना नवऱ्याने सहज विचारलं, "विम्याचा हप्ता भरलास ना?" माझा घास हातातच राहिला. वार्षिक हप्ता, तारीख ४ जानेवारी. फोनमध्ये रिमाइंडर लावला होता, पण दिवाळीत फोन बदलला. फोटो आले, नंबर आले, रिमाइंडर काही आले नाहीत. बरं, डायरीतही लिहिलं होतं. कुठल्या? २०२५ च्या. ती ३१ डिसेंबरला मीच माझ्या हाताने रद्दीत टाकली. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे भरले, पण रात्रभर झोप नाही.

मग बसून मोजलं. आमच्या घरात कामं लिहायच्या सहा जागा आहेत! कालनिर्णय (दूध, बाईंचे खाडे, सिलिंडर कधी लावला), फ्रिजवरची चिठ्ठी, माझी ऑफिसची डायरी, फोनमधलं नोट्सचं ॲप, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज, आणि लाइट बिलाची मागची बाजू.

घरात नवरा, बारावीतली मुलगी, ८१ वर्षांच्या सासूबाई (दिवसातून चारदा गोळ्या) आणि मी. सगळं एका जागी आणायचं आहे. वही की ॲप? कृपया "दोन्हीचे फायदे-तोटे आहेत" असं सांगू नका, ते मलाही माहीत आहे. तुम्ही काय करता ते सांगा.

बिनपाण्याचा_मासा | १२ जानेवारी, रात्री ११.०५

वही वाजत नाही. विषय संपला.

ताई, तुमचा घोळ फोनमुळे नाही, रिमाइंडर कुठे साठवला यामुळे झाला. फोनच्या पोटात ठेवलेली गोष्ट फोनबरोबर जाते, खात्यावर ठेवलेली दुसऱ्या फोनवर आपोआप उगवते. वार्षिक हप्ता कॅलेंडरमध्ये टाका, "दरवर्षी" निवडा, सूचना ७ दिवस आधी आणि १ दिवस आधी. नवऱ्यालाही त्यात जोडा, म्हणजे तुम्ही विसरलात तरी दुसरा फोन वाजेल. मी हिंजवडीत काम करतो, वही बाळगून ८ वर्षं झाली असतील. किराणा, गाडीचा पीयूसी, आईची डॉक्टरची तारीख, सगळं फोनमध्ये.

आणि तो व्हॉट्सॲपचा उकिरडा आधी बंद करा. २०२२ च्या शेवटी त्यांनी स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय दिली, तेव्हापासून अख्खा देश स्वतःलाच "गव्हाचं पीठ" पाठवतोय आणि पुन्हा बघत नाहीये.

शेवग्याची_शेंग | १२ जानेवारी, रात्री ११.२०

"अख्खा देश" +१. माझ्याकडे त्याआधीचा ग्रुप अजून आहे. बहिणीला घेऊन ग्रुप केला, लगेच तिला काढून टाकलं, उरले मी एकटी. नाव "सामान". ती अजून विचारते, मला का काढलंस.

मधली_सुट्टी | १२ जानेवारी, रात्री ११.४८

@मासा, ॲपवर इतका विश्वास बरा नव्हे. वंडरलिस्ट आठवतंय? यादीसाठी त्याच्यासारखं दुसरं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला दुकान बंद. यादी त्यांच्याच दुसऱ्या ॲपात हलवता येत होती हे खरं, पण घर बदलायची नोटीस ती नोटीसच. गूगलचं इनबॉक्स नावाचं मेलचं ॲप एप्रिल २०१९ मध्ये गेलं. एव्हरनोटने २०२३ अखेर फुकटवाल्यांना ५० नोंदींवर आणून ठेवलं. माझी शंभर पानी वही अजून कोणी विकत घेतलेली नाही.

बिनपाण्याचा_मासा | १२ जानेवारी, रात्री ११.५५

आणि ती वही लोकलमध्ये राहिली की? तिची दुसरी प्रत कुठे असते तेवढं सांगा.

निवृत्त_लेखनिक | १३ जानेवारी, सकाळी ६.१५

नमस्कार. मी सरकारी कचेरीत ३४ वर्षे काढली, म्हणून दोन शब्द लिहितो. अबोलीताई, आपली अडचण कागद की फोन ही नाहीच. आपण सगळी कामे एकाच प्रकारची समजता, ही आहे.

आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत असे. महाराष्ट्रात ज्याने शासकीय टेबल सांभाळले त्याला ती पाठ असते. टेबलावरचा प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात बांधायचा. पहिला प्रलंबित, म्हणजे ज्यावर मला स्वतःला काहीतरी करायचे आहे. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे मी माझे केले, आता दुसऱ्याकडून उत्तर यायचे आहे. तिसरा नियतकालिके, ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा पाठवायची विवरणपत्रे. चौथा स्थायी आदेश, जे सारखे लागतात आणि फेकायचे नसतात. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे, सहावा नष्ट करायची.

आता घरात बघा. दळण आणायचे आहे, हे प्रलंबित. मिक्सर दुरुस्तीला टाकलाय, हे प्रतीक्षाधीन. सासूबाईंच्या रक्तगटाचा कागद, गॅसचा ग्राहक क्रमांक, हे स्थायी आदेश. आणि विम्याचा हप्ता हे नियतकालिक. तुम्ही नियतकालिक अशा वहीत लिहिलेत जिचे आयुष्यच एक वर्षाचे. तिथे शाई असो की विजेचे अक्षर, ते हरवणारच होते.

नियतकालिकांसाठी आम्ही वेगळी नोंदवही ठेवत असू, ती वर्ष संपले म्हणून बदलत नसे. शिवाय प्रत्येकाची कार्यविवरण नोंदवही असे आणि आठवड्याला गोषवारा काढावा लागे: मागील शिल्लक किती, नवीन आलेले किती, निकाली किती, शिल्लक किती. साहेबांपुढे तो ठेवताना घाम फुटे. पण त्या घामामुळेच कागद हलत.

अबोली_डोंबिवली | १३ जानेवारी, सकाळी ९.३०

काका, काय सांगू! तुमचा प्रतिसाद लोकलमध्ये वाचला आणि तिथूनच सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. त्या झेडपीतून निवृत्त झाल्यात. "सहा गठ्ठे" म्हटल्याबरोबर पलीकडून पुढचे चार त्यांनीच सांगितले, तेही तुमच्याच क्रमाने. शेवटी म्हणाल्या, "घरात कधी केलं नाही, कारण घरात कोणी तपासणीला येत नाही."

बिनपाण्याचा_मासा | १३ जानेवारी, सकाळी ९.५२

काका, मानलं. अमेरिकेत डेव्हिड ॲलन नावाच्या गृहस्थांनी २००१ मध्ये कामं उरकायची जी पद्धत मांडली आणि जिच्यावर आमच्या क्षेत्रातले लोक जीव टाकतात, तिच्यात "वाट बघतोय" अशी यादी वेगळी ठेवतात. म्हणजे तुमचा दुसरा गठ्ठा. आमच्या कंपनीने यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. साताऱ्याच्या एखाद्या अव्वल कारकुनाला बोलावलं असतं तर चहा-बिस्किटात काम झालं असतं.

द्राक्षवाला_दिंडोरी | १३ जानेवारी, दुपारी १.१०

शेतकऱ्याचं पण ऐका. आमच्याकडं दिवस तारखेनं मोजत नाही, छाटणीपासून मोजतो. माझा वरचा प्लॉट १० ऑक्टोबरला छाटला, खालचा २२ ला. म्हणजे आज वरच्याचा ९५ वा दिवस, खालच्याचा ८३ वा. कोणतं औषध, किती पाणी, सगळं त्या आकड्यावर चालतं. फोनचं कॅलेंडर मला १३ जानेवारी दाखवतं. मला ती नको, ९५ पाहिजे.

म्हणून कालनिर्णयच्या चौकोनात दोन बारीक आकडे लिहितो, वरच्या प्लॉटचा लाल, खालच्याचा निळा. मोटारीच्या खोलीत टांगलेलं आहे. गडी आला, मुकादम आला, कोणीपण उभ्या उभ्या बघतो. माझा फोन माझ्या खिशात असतो, ती भिंत सगळ्यांची असते. अबोलीताईंचं जे झालं ते माझंपण एकदा झालंय, ऑक्टोबर जुन्या कालनिर्णयवर आणि जानेवारी नव्यावर. आता ३१ डिसेंबरला आधी नव्यावर आकडे उतरवतो, मगच जुनं खिळ्यावरून काढतो.

फवारणीची वही वेगळी. निर्यातीचा माल असला की कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला, सगळं लिहावंच लागतं. औषध मारल्यापासून काढणीपर्यंत किती दिवस जायला पाहिजेत ते प्रत्येकाचं ठरलेलं असतं, आणि अवशेष तपासणीत माल अडकला तर वर्ष गेलं. बागेची नोंदणी ऑनलाइन असते, २००६ पासून अपेडाचं (शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) ग्रेपनेट आहे. पण फवारताना हात औषधाचे, उन्हात स्क्रीन दिसत नाही, तिथं पेन्सिल चालते. संध्याकाळी पोरगी वहीच्या पानाचा फोटो काढते आणि एक्सेलमध्ये भरते. वही हरवली तर फोटो आहे, फोन पडला पाण्यात तर वही आहे. @मासा, ही घ्या दुसरी प्रत.

बिनपाण्याचा_मासा | १३ जानेवारी, दुपारी १.४०

घेतली. (छाटणीपासूनचे दिवस एक्सेलमध्ये एका सूत्रात येतात, हवं तर देतो. पण भिंतीचं उत्तर माझ्याकडे नाही.)

हर्णै_बंदर | १३ जानेवारी, रात्री ८.२५

आमच्या दापोलीची गोष्ट. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दुपारपर्यंत माड आडवे, पत्रे उडाले, खांब वाकले. वीज गेली ती आमच्या वाडीत महिन्याने आली, टॉवरही बंद. फोन म्हणजे नुसता दगड. मुंबईच्या भावाचा नंबर मला पाठ नव्हता, कोणाला असतो आता? बाबांनी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता, नंबर, बँकेचे खाते क्रमांक, सगळ्यांची जन्मतारीख. आम्ही त्याला हसायचो. पाचव्या दिवशी तो कागद घेऊन चालत खेडच्या दिशेने निघालो, रेंज मिळाली तिथून भावाला फोन केला.

पण उगाच कागदाची आरती नको. कोकणात पावसाळ्यात वहीला बुरशी येते, जेल पेनची शाई पसरते, कसर पानं खाते. आमच्याकडे नियम एकच, पेन्सिल किंवा साधं बॉलपेन. आणि तो कागद आता लॅमिनेट केलाय.

मोरपीस | १३ जानेवारी, रात्री ९.०२

मला एक कळत नाही, हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं हे संशोधनाने सिद्ध झालंय ना? मग प्रश्न येतोच कुठे?

मधली_सुट्टी | १३ जानेवारी, रात्री ९.३०

ते २०१४ चं संशोधन, म्युलर आणि ओपनहायमर यांचं. ते वर्गात व्याख्यान ऐकताना काढलेल्या टिपणांबद्दल होतं: लॅपटॉपवाले शब्दन् शब्द उतरवतात, हाताने लिहिणारे स्वतःच्या शब्दांत मांडतात, म्हणून त्यांना जास्त समजतं. पुढे तोच प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा फरक तितका ठळक आला नाही. आणि "साबुदाणा १ किलो" स्वतःच्या शब्दांत कसं मांडायचं?

मी वहीवालाच आहे, पण चुकीच्या पुराव्यावर जिंकायचं नाहीये. आपण यादी करतो ती डोक्यातून काढून टाकायला. लक्षातच ठेवायचं असतं तर लिहिलं कशाला असतं? माझ्या बाजूने पुरावा हवाच असेल तर २०११ चं मॅसिकँपो आणि बाउमायस्टर यांचं काम बघा. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात भुणभुणत राहतं, पण ते कधी आणि कसं करणार याचा नेमका बेत आखला की काम न करताही भुणभुण थांबते. बेत कागदावर की काचेवर, त्याने फारसं बिघडत नसावं.

शेवग्याची_शेंग | १३ जानेवारी, रात्री ९.४१

माझी वही जिंकते ती वेगळ्याच कारणाने. फोन उघडते "कोथिंबीर" लिहायला आणि अर्ध्या तासाने भानावर येते तेव्हा कोणाच्यातरी भाचीच्या मेंदीचे ४० फोटो बघून झालेले असतात. कोथिंबीर राहिलेलीच. वहीत भाच्या नसतात.

गावगाडा | १३ जानेवारी, रात्री १०.१५

अवांतर: देशाचं बजेटसुद्धा ब्रीफकेसमधून निघून २०१९ मध्ये लाल कापडातल्या वहीखात्यात आलं आणि २०२१ मध्ये टॅब्लेटवर. कव्हर मात्र लालच ठेवलं. घरचं बजेट असंच करा, फोनला लाल फडकं गुंडाळा.

बंडू_बाणेर | १३ जानेवारी, रात्री १०.२०

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

गावगाडा | १३ जानेवारी, रात्री १०.२४

बरं केलंत. हलकेच घ्या.

रात्रपाळी | १४ जानेवारी, पहाटे ४.५०

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. मी नर्स आहे, नागपूर. सासूबाईंच्या गोळ्यांचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय.

गोळ्यांसाठी कृपया फक्त अलार्मवर राहू नका. अलार्मला एवढंच माहीत असतं की आठ वाजले. गोळी घेतली का, हे त्याला माहीत नसतं. आजी अलार्म बंद करतात, तेवढ्यात दारावर कोणी येतं, परत आल्यावर "घेतली की नाही?" आणि मग एकतर चुकते किंवा दोनदा घेतली जाते. बीपीची गोळी दोनदा गेली आणि चक्कर येऊन पडल्या, असे पेशंट आमच्याकडे येतात. आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात, नोंद नाही म्हणजे औषध दिलं नाही. घरी नोंद कोण करणार? म्हणून कप्प्यांची डबी घ्या, सात दिवस आणि रोजचे चार कप्पे अशी मिळते. रविवारी भरायची. मंगळवार सकाळचा कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतली. डबी स्वतःच वही आहे. अलार्म लावा, पण डबीकडे बघायला लावण्यापुरता.

आणि औषधांची एक यादी, नाव, मात्रा, वेळ, कागदावर आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये. कॅज्युअल्टीत आल्यावर "ती पांढरी छोटी गोळी" असं सांगणारे नातेवाईक रोज भेटतात.

अबोली_डोंबिवली | १४ जानेवारी, सकाळी ७.१०

@रात्रपाळी, आमच्याकडे हे गेल्याच महिन्यात झालंय, थायरॉइडच्या गोळीचं. डबी आजच आणते. तिळगूळ घ्या.

एदोगावाकर | १४ जानेवारी, सकाळी ८.००

टोकियोहून. इथे सगळं यंत्रांवर चालतं असं भारतातल्या लोकांना वाटतं. प्रत्यक्षात वर्ष संपत आलं की स्टेशनरीच्या दुकानात मजलाभर नुसत्या डायऱ्या, त्यांना तेचो म्हणतात. एका दिवसाला एक पान असलेली होबोनिची २००१ पासून निघते, तिचा कागद इतका पातळ की वर्षाची वही खिशात मावावी. माझ्या ऑफिसातले चाळिशीचे साहेब मीटिंग ठरवताना फोन नाही, ती उघडतात. मीही घेतली. मार्चपर्यंत लिहिली.

माझ्या घरातला खरा सत्ताधीश फ्रिजवरचा महापालिकेचा कागद आहे: जळणारा कचरा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या, बाटल्या कधी. चुकलं तर पिशवी स्टिकर लावून तिथेच ठेवतात आणि शेजारच्या आजी माझ्याकडे नुसतं बघतात. त्या नजरेइतकं परिणामकारक रिमाइंडर कुठल्या ॲपात नाही.

मोरपीस | १४ जानेवारी, सकाळी ११.३५

वाचनखूण साठवली. अबोली, शेवटी काय केलंस ते नक्की लिही, नाहीतर या धाग्यावरचे सल्लेही प्रलंबित गठ्ठ्यात जातील.

अबोली_डोंबिवली | ८ फेब्रुवारी, रात्री ९.५०

लिहायला उशीर झाला, बारावीच्या प्रॅक्टिकल्समध्ये अडकले होते. तर.

नियतकालिकं: एका शनिवारी आम्ही चौघांनी बसून आठवली. विमा दोन, सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, पीयूसी, वॉटर फिल्टर, आईंची रक्ततपासणी, मुलीच्या आधारवरचा पत्ता (हे नियतकालिक नाही पण सहा वर्षं राहिलंय), अशी २३ निघाली. सगळी कॅलेंडरमध्ये, फोनमध्ये नाही तर खात्यावर, @मासा. माझा आणि नवऱ्याचा, दोन्ही फोन वाजतात. त्याच २३ ची यादी एका कागदावर लिहून @हर्णै_बंदर यांच्यासारखी कपाटाच्या दाराला आतून लावली. तिच्यावर साल लिहिलेलं नाही.

कालनिर्णय जिथे होतं तिथेच. दूध आणि बाईंचे खाडे फोनवर न्यायचा प्रयत्न दोन दिवस केला. बाई स्वतः चौकोनात फुली मारतात, मग महिनाअखेर वाद होत नाही. त्यांच्याकडे माझा फोन कसा देणार? द्राक्षवाले दादांचं भिंतीचं म्हणणं तिथे कळलं.

प्रलंबित: ओट्याजवळ खिळ्याला दोरीने बांधलेली वही आणि पेन्सिल. व्हॉट्सॲपचे स्वतःला पाठवलेले मेसेज वाचून काढले, २०२३ पासूनचे. त्यातल्या निम्म्या गोष्टींचा अर्थच लागला नाही. एक नुसतंच "निळी" असं होतं.

प्रतीक्षाधीन मात्र जमत नाहीये. वहीच्या मागच्या पानावर लिहितो. ११ नोंदी आहेत, त्यातल्या ७ नवऱ्याच्या नावावर. "बघतो म्हणालाय" हा शेरा तारखेसहित. नवऱ्याला हे पान फारसं आवडलेलं नाही.

गोळ्यांची डबी उत्तम चालली आहे.

निवृत्त_लेखनिक | ९ फेब्रुवारी, सकाळी ६.०५

उत्तम. गोषवारा निघतो का? आणि कोणाच्या सहीने?

अबोली_डोंबिवली | ९ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

दर सोमवारी, सासूबाईंच्या. काल नवऱ्याच्या सात नोंदींसमोर लाल पेन्सिलने "खुलासा सादर करावा" असं लिहिलंय.